कर्बचा दगड आणि लिंडेनचं मूळ : शेफील्डच्या फुटपाथांचं प्रकरण

भांडण सुरू झालं ते कर्बच्या दगडावरून. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली दगडी कड एखाद्या जुन्या झाडापाशी दोन-चार इंच उचललेली असते, नाहीतर रस्त्याच्या बाजूला ढकललेली असते. आपण ती रोज ओलांडतो आणि विसरून जातो. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात अशा कडा हजारोंनी होत्या. २०१२ ते २०१८ या काळात त्या सरळ करण्याच्या कामात रस्त्याकडेची साडेपाच हजारांच्या आसपास झाडं तोडली गेली. सत्तरी ओलांडलेल्या बायकांना पहाटे अटक झाली, महापालिका आपल्याच नागरिकांविरुद्ध हायकोर्टात गेली आणि पुढे लोकांनी मतदान करून शहराच्या कारभाराची पद्धतच बदलून टाकली.

असं भांडण आपल्याकडे काही कमी वेळा होत नाही. तरी शेफील्ड निवडलं, कारण तिथे पुढे स्वतंत्र चौकशी झाली आणि कंत्राटातल्या कलमांपासून अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारापर्यंत सगळं उजेडात आलं. झाड विरुद्ध फुटपाथ या वादात पडद्यामागे काय चालतं ते इतकं उघडं क्वचितच पाहायला मिळतं.

शेफील्ड हे पोलादाचं शहर. सात टेकड्यांवर वसलेलं, साडेपाच लाखांच्या आसपास वस्तीचं, आणि झाडांबद्दल मिरवणारं. रस्त्याकडेची, म्हणजे महापालिकेच्या ताब्यातली झाडंच पस्तीस-छत्तीस हजार. त्यातली बरीचशी व्हिक्टोरिया राणीच्या काळात किंवा त्यानंतर लगेचच लावलेली. लिंडेन, प्लेन, सिकॅमोर, ॲश, कुठे ओक, कुठे एल्म. (लिंडेनला तिथले लोक ‘लाइम’ म्हणतात, पण लिंबाशी त्याचा काही संबंध नाही. एका मराठी बातमीत मी ‘लिंबाची झाडं तोडली’ असं वाचलं होतं!) लावताना ती कडेला अगदी खेटून लावली, कारण तेव्हा रस्त्यावर घोडागाड्या होत्या आणि रोप मनगटाएवढं होतं. शंभर वर्षांनी तोच बुंधा कवेत मावेनासा झाला.

आता मुळांचं. झाडाची मुळं खोल पाताळात जातात अशी आपली समजूत असते. खरं तर अन्नपाणी शोधणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत आडवी पसरतात, कारण हवा तिथेच असते. फुटपाथ करताना माती दाबून घट्ट केलेली असते, त्यात मूळ शिरत नाही. पण फरशी आणि खालचा भराव यांच्यामध्ये पातळ पोकळी राहते, तिथे हवा असते, रात्री ओल धरते. मूळ नेमकं तिथून वाट काढतं आणि वर्षानुवर्षं जाड होत जातं. फरशी उचलली जाते ती अशी. झाड मुद्दाम फुटपाथ फोडत नाही, आपणच त्याला दुसरीकडे जागा ठेवलेली नसते. बुंध्याच्या तळाशी जो फुगीर घेर असतो तो कर्बच्या दगडाला ढकलतो. हे मूळ करवतीने कापलं तर फरशी सपाट बसते, पण त्या बाजूने झाडाचा आधारच जातो आणि दोन-चार वर्षांनी वादळात ते कोणाच्या तरी गाडीवर पडतं. मग ‘बघा, धोकादायक होतंच’ म्हणायला लोक मोकळे.

शेफील्डचे रस्ते फार वाईट झाले होते, हे मान्य करायला हवं. खड्ड्यांसाठी ते शहर बदनाम होतं. महापालिकेकडे पैसा नव्हता. म्हणून खासगी भांडवलाचा मार्ग धरला गेला : कंपनीने रस्ते, फुटपाथ, दिवे, झाडं सगळं सुधारायचं आणि २५ वर्षं सांभाळायचं, महापालिकेने दर वर्षी ठरलेली रक्कम द्यायची, त्यात केंद्र सरकारचा मोठा वाटा. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘स्ट्रीट्स अहेड’ नावाचं हे काम सुरू झालं. कंपनी एमी, रक्कम सुमारे २.२ अब्ज पौंड. पहिल्या पाच वर्षांत शहरभरचे रस्ते आणि फुटपाथ नव्याने करायचे होते.

या व्यवहाराची मेख अशी की झाड आणि डांबर एकाच कंत्राटात आले. दिव्याच्या खांबासारखंच झाडही एक ‘मालमत्ता’ म्हणून यादीत बसलं. कंत्राटदाराच्या जागी बसून हिशेब करून पाहा. जुनं, मोठं झाड म्हणजे पंचवीस वर्षं फांद्यांची छाटणी, तपासणी, पानगळीची सफाई आणि मुळांनी परत परत उचललेली फरशी. तेच काढून रोप लावलं तर पंचवीस वर्षांत ते कोणाला त्रास देण्याएवढं वाढतच नाही. वर यंत्राने सरळ रेषेत कर्ब टाकत जाणं झपाट्याचं काम, आणि प्रत्येक बुंध्यापाशी थांबून हाताने काम करणं वेळखाऊ. इथे कोणी झाडांचा द्वेष करण्याची गरजच नव्हती. साधा हिशेब केला तरी कुऱ्हाड बाहेर पडत होती.

तोडायचं कोणतं, यासाठी सहा कसोट्या होत्या. इंग्रजीत सगळ्या ‘डी’ने सुरू होणाऱ्या : मेलेलं, मरणपंथाला लागलेलं, रोगट, धोकादायक, नुकसान करणारं आणि भेदभाव करणारं. पहिल्या चारांवर वाद फारसा नव्हता. एखादं झाड आतून पोखरलेलं असेल तर ते काढावं, यात दुमत कशाला? खरी गोम शेवटच्या दोनांत होती. ‘नुकसान करणारं’ म्हणजे कर्ब किंवा फरशी हलवणारं. ‘भेदभाव करणारं’ हा शब्द मात्र पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थबकलो. झाड भेदभाव कसा करेल? अर्थ असा की बुंध्यामुळे किंवा उंचसखल झालेल्या फरशीमुळे व्हीलचेअर, बाबागाडी, काठीच्या आधाराने चालणारी अंध व्यक्ती यांना तिथून जाता येत नाही.

या मुद्द्यावर जरा थांबायला हवं. वृक्षप्रेमी मंडळी तो अनेकदा उडवून लावतात आणि पालिकावाले ढालीसारखा पुढे करतात. मुद्दा खरा आहे. व्हीलचेअर रस्त्यावर उतरवावी लागली तर तो माणूस बसच्या चाकांशेजारून जातो, त्याला झाडाच्या सावलीचं कौतुक कोणी सांगू नये. पण मुद्दा खरा असेल तर तो फुटपट्टीने सिद्ध करता येतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक नियमांत फुटपाथची चालण्याजोगी रुंदी शक्यतो २ मीटर, किमान १.५ मीटर, आणि अडथळ्यापाशी थोड्या अंतरापुरती १ मीटर चालते असं म्हटलं होतं. म्हणजे प्रश्न साधा : या झाडापाशी मोकळी रुंदी किती उरते? ती एक मीटरपेक्षा कमी असेल तर पुढचा प्रश्न : कड रस्त्याच्या बाजूला दोन फूट सरकवली तर किती होईल? त्या बाजूला तर बहुतेक ठिकाणी मोटारी उभ्या असतात. फुटपाथ अरुंद आहे म्हणून झाड तोडायचं, आणि त्याच ठिकाणी पार्किंगची पट्टी मात्र जशीच्या तशी ठेवायची, यात भेदभाव नक्की कोण करतंय? सहा कसोट्यांमध्ये गाडीसाठी एकही नव्हती.

बरं, झाड वाचवायचे उपाय महापालिकेला माहीत नव्हते असंही नाही. तिच्याच कागदपत्रांत अशा उपायांची यादी होती आणि त्यांना जादा खर्च येणार नाही असं लोकांना सांगितलंही जात होतं : बुंध्यापाशी पातळ कर्ब बसवणं, तेवढ्या जागेपुरता कर्ब काढूनच टाकणं, कड रस्त्यात वळवून नेणं, फरशीऐवजी मुळांबरोबर थोडं वाकणारं लवचीक अस्तर घालणं, मुळावरून हलका चढ देणं. प्रत्यक्षात हे उपाय फारच क्वचित वापरले गेले. यादी होती, वापराची सक्ती नव्हती.

२०१५ पासून विरोध संघटित झाला. रस्टलिंग्ज रोड हा एंडक्लिफ पार्कच्या कडेने जाणारा रस्ता, दोन्ही वेळच्या गर्दीचा, लिंडेनच्या सावलीचा. तिथल्या झाडांसाठी सह्यांची मोहीम निघाली, मग एकेका भागात गट उभे राहिले आणि ते एकत्र आले. महापालिकेने त्या वर्षाच्या अखेरीस तज्ज्ञांची स्वतंत्र समिती नेमली. वादग्रस्त रस्त्यावरच्या घरांना पत्र जायचं, निम्म्याहून जास्त उत्तरं विरोधात आली की प्रकरण समितीकडे. समिती झाडं पाहायची, सल्ला द्यायची. बंधन मात्र कसलंच नव्हतं. वाचवता येतील असं समितीने सांगितलेल्या झाडांपैकी बहुतेकांच्या बाबतीत महापालिकेने तो सल्ला बाजूला ठेवला.

१७ नोव्हेंबर २०१६. रस्टलिंग्ज रोडवरची आठ लिंडेन. समितीचं मत होतं की त्यातली सात वाचवता येतील. हा अहवाल महापालिकेने संकेतस्थळावर टाकला पहाटे साडेचारच्या सुमाराला, आणि करवती सुरू झाल्या पाचच्या आसपास. पोलिसांनी दारं वाजवून लोकांना उठवलं, गाड्या हलवायला सांगितलं. घरच्या कपड्यांत बाहेर आलेल्या लोकांपैकी काही जण झाडांखाली जाऊन उभे राहिले. तिघांना अटक झाली, त्यात सत्तरी ओलांडलेल्या दोन बायका. कलम लावलं ते कामगार संघटनांच्या कायद्यातलं, संपाच्या वेळी कामगारांची अडवणूक होऊ नये म्हणून केलेलं! पुढे ते आरोप मागे घेतले गेले. उजाडेपर्यंत आठही झाडं आडवी झाली होती.

मला या घटनेत सगळ्यात जास्त खटकतं ते साडेचार आणि पाच यांमधलं अर्ध्या तासाचं अंतर. अहवाल लपवला असता तर तो सरळ अप्रामाणिकपणा झाला असता. अहवाल प्रसिद्ध केला, पण कोणी वाचणार नाही अशा वेळी. सरकारी कामकाज जवळून पाहिलेल्या कोणालाही ही कला अनोळखी नाही.

पुढची दीड वर्षं थोडक्यात सांगतो. न्यायालयात आधीच एक याचिका फेटाळली गेली होती, कारण रस्त्याची देखभाल करण्याचा अधिकार कायद्याने महापालिकेला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये महापालिकेने आंदोलकांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला : झाडाभोवतीच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही. विरोधी पक्षाच्या एका नगरसेविकेवर न्यायालयाच्या अवमानाचा खटला भरला, तो टिकला नाही. काही जणांना मात्र अवमानाबद्दल स्थगित शिक्षा झाल्या. २०१८ च्या सुरुवातीला परिस्थिती अशी होती की एखादं झाड तोडायला कामगारांबरोबर खासगी रक्षक आणि डझनांनी पोलीस. केंद्रातल्या पर्यावरणमंत्र्यांनीही जाहीर टीका केली. अखेर मार्च २०१८ मध्ये काम थांबलं.

त्याच महिन्यात तो आकडा बाहेर आला. कंत्राटाचा बराचसा मजकूर व्यापारी गुपित म्हणून काळा करून ठेवलेला होता. माहितीच्या अधिकाराच्या तिथल्या कायद्याखाली लोकांनी नेट लावल्यावर एक कलम उघड झालं : दर वर्षी किमान २०० आणि मुदत संपेपर्यंत १७,५०० झाडं बदलायची. म्हणजे शहरातलं दर दुसरं झाड. इतकी वर्षं महापालिका सांगत आली होती की संख्येचं उद्दिष्ट वगैरे काही नाही, तोडणं हा शेवटचा उपाय आहे आणि प्रत्येक झाड त्याच्या गुणावगुणांवर पाहिलं जातं.

हा आकडा आला कुठून? २००६-०७ मध्ये झाडांची पाहणी झाली होती. त्यात बहुसंख्य झाडं प्रौढ किंवा वयस्क आहेत असं म्हटलं होतं, पण तोडण्याची शिफारस हजाराच्या आसपास झाडांचीच होती. ‘झाडं म्हातारी आहेत’ यावरून ‘निम्मी बदलायला हवीत’ इथपर्यंतची उडी महापालिकेच्या नियोजनात घेतली गेली, आणि कंत्राटात शिरल्यावर ती उडी राहिली नाही, अट झाली. झाडाच्या बाबतीत प्रौढ म्हणजे निवृत्तीला आलेलं नव्हे. लिंडेन दोनशे वर्षं सहज जगतं. दिव्याच्या खांबाला जे वयोमान लावायचं ते झाडाला लावलं की असं होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी मदतकार्याचे माजी प्रमुख सर मार्क लोकॉक यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी झाली. ६ मार्च २०२३ ला अहवाल आला. निष्कर्ष सडेतोड होते : तोडलेल्यांपैकी हजारो झाडं निरोगी होती, महापालिकेने जनतेची, तिनेच नेमलेल्या समितीची आणि न्यायालयाचीही दिशाभूल केली. रस्ते सुधारले हेही अहवालाने नोंदवलं. मुख्य दोष त्याने कंपनीच्या नव्हे, तर महापालिकेच्या पदरात टाकला, आणि ते मला पटतं. कंत्राटदार कागदावर लिहिलेलं करत होता. कागद लिहिला महापालिकेने. जूनमध्ये महापालिकेने सविस्तर माफी मागितली. त्याआधी मे २०२१ मध्ये सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी ‘एक नेता आणि त्याचं मंत्रिमंडळ’ ही पद्धत मोडून सर्वपक्षीय समित्यांची पद्धत आणली होती. ते फक्त झाडांमुळे झालं नाही, पण झाडांशिवायही झालं नसतं.

तांत्रिक बाजूने सगळ्यात बोलकं आहे ते २०१८ मध्ये तोड थांबल्यानंतरचं. तोडायच्या यादीत सुमारे तीनशे झाडं उरली होती. आंदोलकांचे प्रतिनिधी, महापालिका आणि कंपनी यांची माणसं एकत्र फिरली, एकेका बुंध्यापाशी फरशी उचलून खाली नक्की काय आहे ते पाहिलं. यातली बहुसंख्य झाडं राहिली. कुठे थोडं डांबर वर चढवून, कुठे पातळ कर्ब लावून, कुठे कड तशीच तिरकी ठेवून. काही ठिकाणी काहीच करावं लागलं नाही. शहर तेच होतं, झाडं तीच, कंपनीही तीच. फक्त क्रम बदलला : आता फरशी आधी उचलायची आणि निर्णय नंतर घ्यायचा.

आपल्याकडे कायदा त्यांच्यापेक्षा कडक आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. शेफील्डमध्ये महापालिकेला स्वतःचं रस्त्यावरचं झाड तोडायला कोणाची वेगळी परवानगी लागली नाही. महाराष्ट्रात १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, झाडावर नोटीस चिकटवून हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. शिवाय या कायद्यात ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. केबलसाठी चर खणताना जेसीबीने मुळं तोडली तर तीही कायद्याने तोडच. पण त्या चरासाठी झाडावर नोटीस लागलेली मी तरी पाहिलेली नाही.

आपली रीत शेफील्डच्या उलटी आहे. आपण झाड उभं ठेवतो आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक नाहीतर काँक्रीट भिडवतो. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, त्याचे दाखले इतर शहरांतही दिले गेले. आता आळं मोकळं ठेवलेलं दिसतं खरं, पण कुठे ते वीतभर, कुठे त्यात चहावाल्याचा स्टो. आणि जिथे उत्साह दांडगा तिथे भोवती चांगला तीन फूट उंच पार बांधून बुंधा मातीत पुरतात. बसायला सोय होते, चालायची जागा जाते आणि बुंधा कुजतो, असं एका दगडात तीन पक्षी.

रुंदीचं आपलंही मोजमाप ठरलेलं आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या पादचारी नियमावलीत चालण्यासाठी किमान १.८ मीटर सलग मोकळी जागा आणि २.२ मीटर मोकळी उंची सांगितली आहे. सलग आणि मोकळी हे दोन शब्द महत्त्वाचे. झाड, खांब, डीपी बॉक्स हे सगळं त्या १.८ मीटरच्या बाहेर, कडेच्या पट्ट्यात यायला हवं. म्हणजे झाड आणि माणूस दोघांना धरून फुटपाथ तीन मीटरच्या घरात जातो. एवढी जागा मिळवायची तर ती गाड्यांच्या पट्ट्यातूनच येणार. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केला तेव्हा जुनी झाडं रुंद फुटपाथच्या पोटात घेतली, पार्किंगला ठरावीक खाचे दिले. जागेबद्दल कुरकुर झाली, अजूनही होते. पण झाडाभोवती वळसा घालून दोन व्हीलचेअर समोरासमोर जाऊ शकतील एवढं अंतर तिथे मिळतं.

शेफील्डमधल्या चेल्सी रोडवर एक हंटिंग्डन एल्म आहे, शंभरीच्या पुढचं. डच एल्म रोगाने ब्रिटनमधली कोट्यवधी एल्म गेली, हे उरलं. याच्या शेंड्यावर व्हाइट-लेटर हेअरस्ट्रीक नावाचं दुर्मीळ होत चाललेलं फुलपाखरू राहतं. त्याच्या अळ्या एल्मखेरीज कशावरही वाढत नाहीत. हे झाड तोडायच्या यादीत होतं. रोगट नव्हतं, धोकादायक नव्हतं. दोष एकच : कर्बचा दगड हलवला होता. २०१६ मध्ये इंग्लंडच्या ‘ट्री ऑफ द इयर’ स्पर्धेत ते दुसरं आलं, तरी यादीतून सुटलं नाही. सुटलं ते २०१८ नंतर. दगड अजून थोडा वाकडा आहे म्हणतात.